पुठ्ठ्यावरचा लाल डाग

लहानपणच्या तापापासून माझा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. क्लच दाबायची गाडी त्यामुळे माझ्या नशिबात नव्हती. नवऱ्याने पुण्याच्या एका माणसाकडून जुनी ऑटोमॅटिक पिकअप आणली, ती स्वस्तात मिळाली म्हणून. माझ्यासाठी आणली असं तो कधी म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या गाडीत डाव्या पायाला कामच नव्हतं. थोड्याच दिवसांत मी सेनगावकडून कनेरगाव नाक्याच्या ढाब्यांवर मेथी-कोथिंबीर पोचवू लागले. पोती चढवू देण्यासाठी जीपवाल्याची करावी लागणारी मनधरणी संपली.

मग ती गळायला लागली.

अशा गाडीच्या गियरचं तेल थंड व्हायला दोन नळ्यांतून पुढे रेडिएटरकडे जातं आणि परत येतं. एका नळीच्या जोडातून लाल तेल ठिबकत होतं. हिंगोलीच्या मेकॅनिकने वाकून पाहिलं न पाहिलं आणि "पूरी लाइन बदलनी पड़ेगी, पुना से मंगाओ," म्हणून मोकळा झाला.

नवरा म्हणाला, "पुण्याहून कशाला? मी बांधतो."

आमच्याकडे ठिबकची नळी गळो की फवारणी पंपाची, इलाज एकच. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वरून तारेचा पीळ. त्याने तेच केलं. गाडी गार होती, जोड कोरडा दिसला, आणि स्वारी खूश. "झालं बराबर!"

नाक्यापर्यंत तेल तापलं. ते रबर फुगून ढिलं पडलं, तेल गळून गेलं आणि ढाब्यासमोर गाडी पुढे सरकायचं नाव घेईना. रेस दिली की नुसती ओरडायची. मी कोथिंबिरीच्या पोत्याला टेकून रडले. दुःखाने नाही, रागाने.

गाडी ओढून घरी आणल्यावर नवरा म्हणाला, "इकून टाकू. शिरड शहापूरचा एक जण रविवारी पाहायला येऊन राहिला."

"अन् मी?"

"जीप हाय ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून हात भाकरीवर आणि डोळे अंगणात, अशी गत. गाडीखाली मी एक पुठ्ठा सरकवून ठेवला होता. घडीघडी जाऊन बघायचे, लाल डाग मोठा झालेला असायचा.

"काहून येरझारा घालून राहिलीस?" नवरा विचारायचा.

शेवटी मीच खाली शिरले. मला उकिडवं बसता येत नाही, पण आडवं पडता येतं, आणि गाडीखाली आडवंच पडावं लागतं. पट्टी कापून काढली, जोड पुसला. नळी एका तारेच्या क्लिपने अडकवलेली होती. पोती शिवायच्या दाभणाने ती क्लिप उचकटली. आत बोटात घालता येईल एवढी रबराची रिंग होती. कडक झालेली, एका जागी तुटलेली. हा जोड कुणी उघडून पाहिलाच नव्हता!

ती रिंग रुमालात बांधून मी जीपने हिंगोली गाठली. कोंबलेल्या माणसांत माझा ताठ पाय कुणाच्या ना कुणाच्या नडगीला लागत होता आणि शिव्या मी खात होते.

सुट्या भागांच्या दुकानदाराने रिंग बघून विचारलं, "पानी का काम है या तेल का?"

"तेल का. गरम तेल का."

घरी येऊन बसवायला गेले तर पहिली रिंग चेमटून कापली गेली. बरं झालं जास्तीच्या आणल्या होत्या. दुसरीला तेल लावलं, पण नळी दाबून धरायची आणि क्लिपही घालायची, हात पुरेनात. माझी चिडचिड ऐकून नवरा शेजारी येऊन आडवा झाला. "तू दाबून धर. क्लिप मी घालतो." कट् असा आवाज आला. आम्ही नवं तेल भरलं आणि गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणली.

रविवारी सकाळी नवा पुठ्ठा कोरडाठाक होता. उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या, आणि तेवढ्यात आठवलं, आज गिऱ्हाईक येणार. गळकी गाडी त्या माणसाने कदाचित नाकारली असती. मी ती विकण्याजोगी करून ठेवली होती.

गिऱ्हाईक आलं. त्याने गाडीखाली हात घालून बोट फिरवलं. मी चहा घेऊन दारात उभी होते.

"गळते," नवरा म्हणाला.

"कुठं गळते? कोरडं तर हाय."

"आत्ता कोरडं दिसून राहिलं. गरम झाली की गळते. लई तकलीफ हाय, भाऊ. तुमाला फसवायचं न्हाई मला."

तो माणूस चहा पिऊन गेला. जाताना नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, इतका सच्चा माणूस आजकाल मिळत नाही.

मला हसावं की रडावं कळेना. नवरा माझ्याकडे न बघता पुठ्ठ्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "चाल, नाक्याला जायचं न्हाई का? कोथिंबीर सुकून राहिली."

आणि डावीकडचं दार उघडून आत बसला.