पोंभुर्ण्याचा विषाणू सिरोंच्यात

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणू मारणारा एक विषाणू माझ्याकडे काही वर्षं आहे. तो सापडला पोंभुर्ण्याला, माझ्या माहेरच्या वांग्याच्या वावरात. तिथल्याच, झाड उभं वाळवणाऱ्या मर रोगाच्या जिवाणूवर मी त्याला वाढवत आले. त्याचं कौतुक मी इतकं करते की घरातले आता ऐकूनच घेत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी सिरोंच्याहून एसटीने मिरचीचं मर रोगाने मेलेलं रोप घेऊन आली. त्यातल्या जिवाणूला मारणारा विषाणू शोधायचा, हा तिचा प्रकल्प. मी ऐटीत माझा विषाणू काढून दिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर प्लेटवर वाढलेली तिच्या जिवाणूची साय जशीच्या तशी.

"मॅडम, यानं तर काईच केलं नाई," ती रडवेली झाली. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत काही दिसलं नाही तर विषय बदला. तिच्या आईच्या वावरातलं रोप होतं ते. दुसरा विषय तिला नकोच होता.

मला विषाणूचाच राग आला. पोंभुर्ण्याची लाज घालवली मेल्याने! चिडून प्लेट खिडकीशी धरली, तर सायीत दोन बारीक भोकं दिसली. तेवढ्या जागी विषाणूने जिवाणू मारले होते.

जिवाणू आपल्या पोटात जन्मलेल्या विषाणूच्या डीएनएवर आपली खूण करतो. खूण नसलेला परका आत आला की त्याचे तुकडे करतो. चुकून एखादा वाचलाच, तर त्याच्या पिल्लांवर नव्या घरची खूण पडते. आम्ही त्या भोकांतला विषाणू उचलून सिरोंच्याच्या जिवाणूवर वाढवला आणि पुन्हा टाकला. सोमवारी प्लेट लख्ख! प्रमुख चष्मा पुसत म्हणाले, "विषय राहू द्या." मी सगळ्यांना चहा पाजला.

मग खोडी काढायची म्हणून तिने सिरोंच्याची खूण पडलेला तोच विषाणू पोंभुर्ण्याच्या जिवाणूवर टाकला. साय जागची हलली नाही.

"मॅडम, तुमच्या गावानं याले ओळखलंच नाई!" ती पोट धरून हसली. मीही हसले, पण थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माहेरी गेले की हल्ली वहिनी मला पाहुण्यांच्या कपात चहा देते.

टेबल आवरताना तिने पोंभुर्ण्याच्या जिवाणूवर वाढलेल्या विषाणूची जुनी बाटली उचलली. "आता हिचं काय काम? फेकून देऊ काय?"

"हात लावू नको," मी इतक्या जोरात म्हणाले की ती दचकलीच.