रॉकेलवाल्या बाईचा ब्लाउज

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. आत नुसती तगमग होते, एवढं खरं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. अबू धाबीत मी फ्रेमच्या दुकानात कामाला होतो. कामाला आम्ही दोघेच — मी आणि बशीरभाई. दोघे रत्नागिरीकडचे, राहायलाही एकाच खोलीत. मला तिथे चिकटवलं त्यांनी, फ्रेमचा कोपरा जुळवायला शिकवलं त्यांनी, तापाने फणफणलो तेव्हा पेज करून घातली तीही त्यांनीच. मला ते धाकट्या भावासारखं वागवायचे. आता त्यांचे गुण गातोय — आणि तेव्हा?

खलिफा सिटीत राहणाऱ्या एका फ्रेंच बाईंनी एक भलंमोठं पोस्टर आणून दिलं. पिवळ्या झग्यातली एक तरुणी दिव्याची काच सारखी करतेय, चेहऱ्यावर उजेड, खांदे उघडे. खालचा मजकूर बाईंनीच समजावून सांगितला — घरातल्या दिव्याचं तेल, वास नाही, भडका नाही. म्हणजे रॉकेलच की! रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभे राहिलेलो आम्ही. रॉकेलच्या जाहिरातीला सोनेरी फ्रेम म्हटल्यावर हसून हसून पोट दुखलं. बशीरभाई म्हणाले, “हिला थंडी कशी वाजत नाय रे? पदर घे म्हणावं, बये!” थट्टा होती ती. निव्वळ थट्टा.

मग रमजान लागला. पोस्टर फ्रेममध्ये बसवून, वरची काच अजून न लावलेलं, दुकानाच्या दर्शनी काचेपाशीच उभं होतं. बाहेर पडता पडता मॅनेजर दारातूनच ओरडला, “अरे, उसको कव्हर कर दो, रमजान है!” कव्हर म्हणजे काय? वर कापड टाका — दुसरं काय! पण तेव्हा तिथे परदेशी मासिकं यायची ती बायकांच्या उघड्या अंगावर काळी शाई फासूनच. मला वाटलं, तेच करायचं. शिवाय रॉकेलची जाहिरात ती, कॅलेंडरसारखी हवी तेवढी मिळत असणार. बशीरभाई नमाजाला गेले होते. मी काळा मार्कर घेतला आणि त्या बाईला ब्लाउज चढवला. कोपरापर्यंत बाह्यांचा. छान जमला म्हणून खूशही झालो.

मॅनेजर आला आणि डोकं धरून खालीच बसला. पोस्टर अस्सल होतं, शंभरेक वर्षांचं.

“किसने किया?”

इथवर गाढवपणाच होता. पण पुढचं? मी म्हणालो, “मैं तो अंदर ग्लास काट रहा था.” आणि वर, कुणी विचारलेलं नसताना, “बशीरभाई को वो फोटो ठीक नहीं लगता था.”

दाढीवाला, रोजे धरणारा माणूस — उरलेलं मॅनेजरने स्वतःच जुळवलं. तो जुळवील हे मला माहीत होतं का? होतं. म्हणूनच तर बोललो. बशीरभाईंनी शपथ घेतली. “रोजे में झूठ बोलता है?” मॅनेजर त्यांच्या अंगावर ओरडला, आणि मी खाली मान घालून पुसलेलीच फ्रेम पुन्हा पुसत राहिलो. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. नाही उघडलं, त्यांची गेली.

ईदच्या आधीच त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. मी विमानतळावर सोडायला गेलो — न जाऊन कसं चाललं असतं? आत जाता जाता ते थांबले. “कोणा गिऱ्हाइकाच्या पोराने केलं असेल,” म्हणाले. “पण तू तरी मानतोस ना, मी नाय केलं?”

“मला पक्कं माहीत आहे, तुम्ही नाही केलंत.”

त्यांचे डोळे भरून आले. निदान एका माणसाचा तरी आपल्यावर विश्वास आहे, असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली आणि माझे आभार मानले. मी ते घेतले.