सहावा चौकोन

खो-खोच्या मैदानावर मी उभी हयात शिट्टी फुंकली. त्यामुळं जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांचा इतिहास मला कुणी विचारला तर मी थांबत नाही. ऐकणाराच कंटाळून उठतो. कबड्डीत एकेकाळी नांदुऱ्याची पोरं कुणाला उभं राहू देत नसत. लांब पल्ल्याच्या धावण्यात आमच्या जळगाव जामोदची, सातपुड्याच्या पायथ्याची पोरं अनवाणी पळून पहिली येत आणि बक्षिसाचे बूट घरी थोरल्या भावाला नेऊन देत. आणि मुलींचा खो-खो म्हटला की अमडापूर. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा सगळ्या पायऱ्या चढून अमडापूरच्या पोरींनी सलग तीन वर्षं राज्याची ढाल आणली. त्या ढाली अजून शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत आहेत. त्यांच्यावर चुन्याचे शिंतोडे पडलेत, कारण रंगकाम करताना कुणी त्या उतरवल्याच नाहीत.

पुढं अमडापूर जिल्ह्याच्या वर गेलं नाही. लोक कारणं सांगतात. मोबाईल आला, क्लासेस आले, खुराक राहिला नाही. कारणं सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे. अमडापूर हरत होतं ते फाऊलनं, आणि त्यातले बरेचसे फाऊल मी स्वतः दिलेत. त्या पोरी खो मिळण्याआधीच उठायच्या.

हा खेळ तसा साधा. आठ जणी मधल्या पट्टीवरच्या चौकोनांत बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. ती अडली की बसलेल्या एखादीच्या पाठीवर मागून हात मारते, ‘खो’ म्हणते आणि तिच्या जागी बसते. जिला खो मिळाला ती उठते आणि समोर तोंड असेल त्या दिशेनं पळत सुटते. खो न मिळता उठलं की फाऊल, आणि त्या गडबडीत समोरच्या संघाची पोरगी निसटते.

आता महामाया मॅडमबद्दल. ती अमडापूरचीच. राज्याच्या तिन्ही ढालींत ती होती. पुढं शिकून त्याच शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, “बारा पोट्ट्या आहेत न मले, अजून किती पाह्यजे?” आवाज असा की शाळेत बोलली तर बसस्टँडवर ऐकू यावं. माझ्याशी तिचं दर स्पर्धेत भांडण ठरलेलं, आणि भांडण झालं की डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवणंही ठरलेलं. गुडघा मात्र गेलेला. उठताना भिंत लागायची, नाहीतर एखाद्या पोरीचा खांदा.

गेल्या सप्टेंबरात तालुका स्पर्धेचं मैदान पाहायला मी अमडापूरला गेलो. दुपार होती, ढगाळ, पान हलत नव्हतं. पोरींचा सराव चालू होता. मी कडेला उभा राहिलो आणि सवयीनं चौकोन मोजले. सातच पोरी बसल्या होत्या. सहावा चौकोन रिकामा. मला वाटलं, कुणी पाणी प्यायला गेली असेल. तेवढ्यात पाठलाग करणारी पोरगी धावत आली, त्या रिकाम्या चौकोनाच्या मागं थांबली, हवेत हात मारला, स्वच्छ आवाजात ‘खो’ म्हणाली आणि तिथं बसून गेली.

आता मैदानावर पाठलाग करणारं कुणीच नव्हतं. पण पळणाऱ्या तिघी थांबल्या नाहीत. उलट जीव मुठीत धरून पळू लागल्या. एक जण खांबाला वळसा घेताना मागं वळून पाहत होती, आणि तिच्या मागं नुसती मोकळी जमीन होती. कुणी हसत नव्हतं. महामाया मॅडम रेषेबाहेरून ओरडत होती, “खांबाकडं दाब तिले. सोडू नको.” कुणाला सांगत होती, ते मला दिसत नव्हतं.

मग तिसऱ्या चौकोनातली पोरगी पाठीवर हात पडल्यासारखी झटक्यात उठली आणि धावली. तिसरा चौकोन रिकामा झाला. त्यानंतर कुणी त्यात बसलं नाही. रिकामी जागा सहाव्यातून तिसऱ्यात आली एवढंच. पोरींना ती न सांगता कळत होती.

मी घाबरलो की ओरडतो.

“मॅडम, हा सराव आहे की भुताटकी?”

“भूतबित आमच्यात मानत नाहीत, सर. तुमाले माईत आहे,” ती म्हणाली. “जागा राखतो आम्ही. दीपमालाची.”

दीपमाला तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका गल्लीतल्या, एका वर्गातल्या, एका संघातल्या. दीपमाला नेहमी सहाव्या चौकोनात बसायची. तिसऱ्या वर्षी राज्याच्या फायनलला शेवटचा गडी उरला होता आणि पाठलाग महामाया करत होती. दीपमाला तिच्याकडं पाठ करून खोची वाट पाहत बसलेली. तिला खो देणंच बरोबर होतं. महामायानं दिला नाही. तिनं स्वतः सूर मारला आणि गडी बाद केला. ढाल मिळाली, पोरींनी महामायाला खांद्यावर घेतलं, फोटो निघाले. परतीच्या प्रवासात दीपमाला हसत म्हणाली, “मी बसूनच राह्यली न बे. उठवलंच नाही तू मले.” गावात आल्यावर तिला ताप भरला. तो मेंदूत गेला आणि आठवड्यात पोरगी गेली. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, रडणारे रडून उठले. पुढच्या वर्षी सराव सुरू झाला तेव्हा सहाव्या चौकोनात बसायला कुणी तयार होईना. महामायानं तो रिकामा ठेवला आणि पहिला खो तिथं दिला. ती क्रीडाशिक्षिका झाल्यावर तीच शाळेची रीत झाली.

“तुम्ही खो देता, ते समजलं,” मी म्हणालो. “पण परत कोण देतं?”

ती चुन्याच्या फक्कीची रेघ पायानं सारखी करत राहिली.

तालुका स्पर्धा अमडापूरनं कशीबशी जिंकली. पूनम नावाच्या पोरीला मी त्यात फाऊलवर फाऊल दिले. पूनम दहावीतली. आई कोकिळा रोजानं शेतात निंदायला जाते. इतकी चपळ पोरगी मी या जिल्ह्यात फार थोड्या वेळा पाहिली. शाळेतलं तिचं हे शेवटचं वर्ष. विभागापर्यंत पोचली तर क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला तिचं नाव जाणार होतं. तिथं निवड झाली की राहणं, खाणं, शिक्षण सगळं होतं. नाहीतर दहावीनंतर तीही आईबरोबर निंदायला जाणार, हे घरात ठरलेलं होतं. आणि जिल्ह्याला फाऊल झाले की सगळं तिथंच संपणार होतं.

सामना संपल्यावर ती माझ्याकडं आली.

“सर, तुम्ही फाऊल दिले ते बराबर दिले. पण मले खो लागला होता.”

“कुणी दिला?”

“ते मले कसं दिसन? पाठ असते न तिकडं.”

“मग खरा कोणता आणि तो कोणता, काही फरक कळतो का?”

तिनं विचार केला. “आमच्या पोट्ट्या जोरात मारतात. तो हात हळू असते. आधी मानेवर श्वास येते, मंग हात, मंग खो.” माझा चेहरा पाहून तिनं मलाच धीर दिला. “भेव नाही वाटत, सर. तिले फक्त बसायचं असते. सरावात तिले जागा असते. मॅचमधी आठही भरलेल्या. मंग ती कोणाले तरी उठवते. मले लवकर उठवते, काऊन की मी नाही म्हणत नाही.”

अशी गोष्ट पंधरा वर्षांची पोरगी बाजारभाव सांगावा तशी सांगत होती. मी तडक महामाया मॅडमच्या घरी गेलो. ती चहा टाकत होती. मी चहाची वाट न पाहता बोलायला लागलो. म्हणालो, ही पोरगी शेतात घालवायची आहे का तुम्हाला? एका मेलेल्या पोरीला बसवायला जिवंत पोरी किती वर्षं उठवणार आहात? पूनम काय म्हणाली तेही सगळं सांगितलं, श्वास, हात आणि तिचं नाही न म्हणणं.

महामायानं गॅस बंद केला.

“हात हळू असते म्हणाली?”

“हो.”

“तसाच होता तिचा.” ती खाली बसली, भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब करून. “इतकी वर्षं रोज पहिला खो मी देते तिले, सर. रोज. ती पोरींले देते. कालच्या पोरींले, ज्यायनं तिले पाह्यलंबी नाही. मले एकदाही नाही दिला. मी पाठ करून उभी राह्यली, बसून पाह्यलं, गुडघा फुटेस्तोवर बसली. मले नाही दिला.”

माझा राग कुठं गेला कळलं नाही. चाळिशी ओलांडलेली बाई आपल्याच विद्यार्थिनींवर जळत होती आणि ते लपवायचं भानही तिला उरलं नव्हतं. मला तिची दया आली, आणि भीतीही वाटली. त्या घरात तिसऱ्या माणसाचा वावर असल्यासारखं वाटत होतं, म्हणून चहा न घेता मी निघालो.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आठही चौकोन भरले. मला फोन करून सांगितलं, “बंद केलं, सर.” घरात कुणी गेल्याची खबर देतात तसा आवाज होता.

जिल्ह्याची फायनल बुलढाण्याला होती. थंडीची सकाळ, मैदानावर धुकं रेंगाळलेलं. समोर घाटाखालचा तगडा संघ. सामन्याआधी महामाया मॅडमनं गुणलेखकांकडून एक प्लॅस्टिकचं स्टूल मागून घेतलं, रेषेबाहेर मांडलं आणि मैदानाकडं पाठ करून बसली.

“मॅडम, खेळ इकडं आहे,” मी म्हणालो.

“माईत आहे. तुम्ही शिट्टी वाजवा.”

मला वाटलं, पाहवत नसेल.

सामना अटीतटीचा झाला. अमडापूरकडून फाऊल होत नव्हते, पण मी पूनमवर नजर ठेवून होतो आणि तिची पाठ मधूनमधून शहारताना मला दिसत होती. शेवटच्या पाळीत गुण बरोबरीत आले. एक गडी बाद केला की अमडापूर विभागाला. वेळ संपत आली होती. पाठलाग करणारी पोरगी पूनमच्या मागं आली, समोरची एकदम खांबाकडं वळली, म्हणून ती खो न देताच पुढं गेली. दर वर्षी अमडापूर इथंच बुडायचं. मी शिट्टी दातांत धरली.

पूनमच्या मानेवरची बट हलली. वारा नव्हता. तिचा टेकलेला हात जमिनीवरून उचलला गेला, तिचं सगळं अंग पुढं झुकलं, आणि मग तिनं हात परत मातीत रोवला. ती उठली नाही.

रेषेपलीकडं महामाया मॅडम उठली. भिंत नाही, कुणाचा खांदा नाही. पंधरा वर्षांची पोरगी उठते तशी एका झटक्यात उठली आणि धावली. मैदानाकडं नाही, तोंड होतं त्या दिशेला, कुंपणाकडं. चार पावलं गेली आणि थांबली. एक हात मागं नेऊन तिनं स्वतःची पाठ चाचपली.

तोवर इकडं दोन खो होऊन पाठलाग परत पूनमच्या मागं आला होता. त्याच क्षणी तिला खो मिळाला, जोरात, सगळ्यांना ऐकू येईल असा. ती सुटली, खांबाजवळ सूर मारला आणि गडी बाद झाला. अमडापूर विभागाला गेलं. पोरी एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या.

शिट्टी खिशात टाकून मी रेषेबाहेर आलो. ते स्टूल रिकामं दिसलं म्हणून मी बसायला गेलो.

“तिथं नका बसू, सर,” महामाया हळू आवाजात म्हणाली. इतकं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “आत्ताच बसली ती.”

भूत मीही मानत नाही. पण मी बसलो नाही.

तेवढ्यात मैदानातून पूनम ओरडत आली, मॅडमच्या गळ्यात पडायला. स्टूल बरोबर तिच्या वाटेत होतं. तिचं लक्ष फक्त मॅडमकडं होतं. आमचं बोलणं तिनं ऐकलेलं नव्हतं. धावता धावता, खाली न बघता, ती त्या स्टुलाला धक्का न लावता वळसा घालून आली, बसलेल्या गड्याला घालतात तसा. ते महामायानंही पाहिलं. पोरीला तिनं छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून त्या स्टुलाकडं बघत ती मोठ्यानं रडायला लागली.