मारिटाकेचा संडास

पाय कापल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात नर्सबाईंनी विचारलं, "घरी संडास आहे ना?" मारिटाके म्हणाली, "आहे की. दोन्ही बाजूंनी समुद्र आहे." खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. ती स्वतःही हसली.

साखरेच्या आजाराने तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्याआधी तिला कुणी बसलेलं पाहिलं असेल तर चटई विणतानाच. वीस वर्षांपूर्वी तामाना बेटावरून नवऱ्याबरोबर ती तारावा या मोठ्या बेटावर आली आणि तोंगाबिरी नावाच्या जमीनमालकाच्या जागेवर झोपडी बांधून राहिली. नवरा पुढे वारला, मुलगा तेबाओ बंदरात कामाला लागला, सून तेरेंगा आली. परसाकडे जायचं ते ओहोटी बघून, खडकांपलीकडे. बायकांची वेळ पहाटेची, पुरुषांची नंतरची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

आता खडक उतरायला पाय नव्हता. तेबाओने रंगाचा रिकामा डबा आणून खाटेखाली ठेवला. तो रिकामा करायची पाळी तेरेंगावर आली. जिच्या भाताला, चुलीला, चालण्याला मारिटाकेने आठ वर्षं नावं ठेवली होती, तीच आता सगळ्यांदेखत डबा उचलून समुद्राकडे जायची.

"झाकण नीट लाव गं."

"लावलंय, आई. वासाला झाकण कुठून आणू?"

दुसऱ्या दिवसापासून मारिटाके सकाळचा चहा नको म्हणू लागली. मग दुपारी उकडलेला नीरफणस, मग पाणीही. ओठ सुकले की नुसते ओले करायची. घरच्यांना वाटलं, पाय गेल्याचं दुःख करतेय. एका दुपारी विणता विणता ती चटईवरच आडवी झाली. दवाखान्यात नर्सबाई खूप रागावल्या. "तुम्हाला पाणी प्यायला काय होतं?"

"आत गेलेलं पाणी बाहेर यायला बघतं," ती म्हणाली. "आणि मला बाहेर जाता येत नाही."

तेरेंगा उशाशीच होती. तिने मान फिरवली.

तेबाओ संडासासाठी तोंगाबिरीकडे दोनदा जाऊन आला होता. तोंगाबिरीचं म्हणणं एकच, "राहा, पण खड्डा नको. खड्डा खणलात की उद्या जागा तुमची म्हणाल." शिवाय त्याची विहीर जवळ होती. तिथे पाणी हाताला लागेल इतकं वर. पाच घरं तेच पाणी प्यायची. तीन वर्षांपूर्वी त्याची धाकटी नात जुलाबाने गेली होती. त्यामुळे तेबाओला भांडताही येईना.

दवाखान्यातून आल्यावर मारिटाके सुनेला म्हणाली, "हातगाडी काढ. मी जाते त्याच्याकडे."

"तुम्ही? आणि हे असलं बोलणार?"

"तूच ढकल. पोरगा लाजेल."

भर दुपारी ती हातगाडीत बसून निघाली. वाटेतल्या पोरी खिदळल्या. तोंगाबिरी झाडाखाली जाळं शिवत होता. तिने विषय काढताच त्याने मान खाली घातली.

"हे बायकांनी बोलायचं नसतं, मारिटाके."

"करायचं तेवढं बायकांनी? दादा, तुझ्या नातीवर मीही माती लोटलीय. तुझी विहीर मला नासवायची नाही. खड्डा नको. लाकडी खोका दे बांधायला, जमिनीच्या वर. खाली पिंप, वरून राख नि पाला. चर्चमधल्या बायकांनी केलाय तसा."

आतून तोंगाबिरीची बायको म्हणाली, "अहो, हो म्हणा. नाहीतर ती उठायची नाही इथून. आणि उठणार तरी कशी!"

तोंगाबिरीला हसू आवरलं नाही. पण अट त्याने घातलीच. सिमेंटचा कण लागता कामा नये, आणि मी म्हणेन त्या दिवशी खोका हलवायचा.

तेबाओने बंदरातल्या फळ्यांचा खोका केला. छान झाला. फक्त खाली पिंप बसायचं म्हणून त्याला तीन पायऱ्या आल्या. शेवटची ठोकून झाल्यावर तो आईच्या पायाकडे बघून तसाच उभा राहिला.

"रडू नकोस गाढवा. सरक," मारिटाके म्हणाली. पायऱ्यांकडे पाठ करून ती बसली आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी ढुंगणाने वर सरकली. तेरेंगाचा हात तिने झटकला. दार लागलं. बराच वेळ झाला.

"आई, झालं का?"

"कधीच झालं. बसलेय जरा."

चार महिने तिचे बरे गेले. ती जेवायला लागली, सुनेला नावंही ठेवायला लागली. मग तोंगाबिरीचा मुलगा परदेशातल्या फळबागेतलं काम संपवून परत आला. त्याला घर बांधायचं होतं. त्याने दोरी धरून जमीन मोजली आणि खोका मधोमध आला. तोंगाबिरी स्वतः सांगायला आला, पण झोपडीत शिरला नाही. दारातूनच म्हणाला, "बोललो होतो मी."

"बोलला होतास," मारिटाके म्हणाली.

उरली ती समुद्राकाठची कड. तिथे प्रवाळाचे दगड, हातगाडी चालत नाही. तेबाओने खोका तिथे नेऊन ठोकला आणि झोपडीच्या खांबापासून खोक्यापर्यंत जाड दोर ताणून बांधला. मारिटाके तो दोर धरून, बसल्या बसल्या सरकत जाते. तळहाताला फोड येतात, म्हणून तेरेंगाने तिला फाटक्या मोज्यांचे पंजे शिवून दिलेत. मोठ्या भरतीच्या दिवशी लाट दोराखालून थेट झोपडीपर्यंत येते. त्या दिवशी मारिटाके दारात बसते आणि पाणी उतरायची वाट बघते.