जिना शेवटी

मिस्त्रींचा सगळा जन्म जुनी घरं उतरवण्यात गेला. पाडण्यात नव्हे, कुणी 'पाडणं' म्हटलं की ते फणकारत. आधी कौलं, मग वासे, मग दारं-खिडक्या आणि जिना सगळ्यांत शेवटी. वरचं सगळं त्याच जिन्यावरून खाली यायचं ना!

मुलाने दुकानावर 'डिमॉलिशन' असा नवा बोर्ड लावला, तेव्हा त्यांनी सुनेला गाठलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"सूनबाई, हे डिमॉलिशन म्हणजे काय गं?"

"पाडून टाकणं, बाबा. भिंत, इमारत. वादात एखाद्याची पार दाणादाण उडवली, तरी डिमॉलिश केलं म्हणतात."

"आणि हलक्या हाताने सुटं केलं तर?"

"त्याला डिसमँटल. पण ते ह्यांना नको. त्यात जोर नाही म्हणे."

"जोर! आजवर एक खिळा तरी सरळ उपटलाय का त्याने?"

तेव्हा शिंपीणबाईंचं घर उतरवणं चालू होतं. बाईंचं मागणं एकच होतं. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेला लाकडी जिना त्यांना नव्या घरात बसवायचा होता. तो अख्खा हवा. मिस्त्री म्हणाले होते, "ओरखडा उठणार नाही."

वरचं सगळं खाली आलं. उरला फक्त जिना. मिस्त्री दोर आणायला गेले.

परत येऊन बघतात तर दारात मुलाने आणलेलं पाडायचं यंत्र घरघरतंय, भिंत आडवी आणि तिच्याखाली जिन्याच्या चिरफळ्या.

"घर रिकामंच होतं की, बाबा," मुलगा म्हणाला.

"रिकामं? जिना दिसला नाही? डोळे काय भाड्याने दिलेत?"

"सगळं नेलंत, तेवढाच ठेवलात. मला वाटलं, नकोय."

"माझ्या पोटचा ना तू? जिना शेवटी निघतो, एवढंही ठाऊक नाही?"

शिंपीणबाई आल्या. कठड्याचा एक तुकडा उचलून त्यांनी हाताने पुसला.

"ओरखडा उठणार नाही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाले.

मग हातोडा घेऊन ते तरातरा दुकानाकडे निघाले. मुलगा मागे धावला. "बाबा, बोर्ड फोडू नका, नवाकोरा आहे!"

मिस्त्री शिडीवर चढले. हातोडा उगारला आणि हात तसाच राहिला. तोंडाने शिव्या चालू ठेवून त्यांनी खिशातला पेचकस काढला, एकेक स्क्रू सोडवला आणि बोर्ड उतरवून मुलाच्या छातीवर टेकवला.

"घे. ओरखडा नाही. बाईंना जिना करून दे, मग लाव परत."

"मला कुठे जिना करता येतो?"

"पाडता येतो ना!" मिस्त्री ओरडले आणि शिडी खांद्यावर टाकून आत गेले.