मुहूर्त जावयाच्या घड्याळावर

साखरपुड्यात सासऱ्यांनी माझ्या मनगटात ते महागडं घड्याळ चढवलं, तेव्हा आमच्या कोपर गावच्या नातेवाइकांनी माना लांब करकरून पाहिलं. सासरे कोलशेतचे, जुने जमीनवाले. त्यांच्या हातातही तसंच. मला हवंय का, हे कुणी विचारलं नाही.

त्याचं काचेभोवतीचं कडं शोभेचं नाही. ते एका जागी फिरवलं की चावीने तारीख लागते, दुसऱ्या जागी इथली वेळ, तिसऱ्या जागी परदेशातली. हे मला नंतर कळलं. लग्नाच्या सकाळी मी आपला चाळा म्हणून कडं फिरवलं, चावी ओढली आणि काटे कुठल्या कुठे गेले. मग तासभर झटापट केली. तारीख बदलायची, काटे जागचे हलेनात. मरू दे म्हटलं, फोटोत वेळ कोण बघतंय.

मांडवात सासऱ्यांनी भटजींना मोबाइल बाजूला ठेवायला लावला. "टाइम जावईबापूंच्या घड्याळावर. साडेबारा झाले की ते सांगतील."

मी हार घेऊन अंतरपाटापाशी गार पडलो. घड्याळात सव्वादहा. मंगलाष्टकं संपली, भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली, त्यांनी पुन्हा सुरू केली. लोकांच्या मुठीत अक्षता भिजल्या. अंदाजाने हो म्हणावं, तर मुहूर्त चुकायचा. याच मुहूर्तासाठी आईने दोन महिने जिवाचं रान केलेलं. खरं सांगावं, तर घड्याळ लावायची अक्कल नसलेला जावई म्हणून जन्मभर हसं. पळून जावंसं वाटत होतं आणि पाटावरून हलताही येत नव्हतं.

"अरे, अजून किती?" अंतरपाटामागून तिचा आवाज आला.

शेवटी मी सासऱ्यांना खुणेने जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "बाबा, घड्याळ चुकलंय. मला लावता येत नाही."

त्यांनी माझं मनगट पाहिलं, मग स्वतःचं पुढे केलं. त्यात पावणेसहा.

"माजा पन तसाच हाय, दोन वर्सा झाली," ते पुटपुटले. "मना पन नाय जमत."

इतकं हायसं वाटलं, की हार काखेत धरून मी पट्टाच सोडायला गेलो. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काढाचा नाय. कवाच नाय." मग भटजींकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "झाले साडेबारा."

अक्षता पडल्या. समोर आई डोळे पुसत होती, मुहूर्त साधला म्हणून.