मामांनी तपासलेली खुर्ची

खात्री करून घेण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर सुरक्षा खात्यात नोकरी केली; निवृत्त झाले तरी पिवळं हेल्मेट डोक्यावरून उतरलं नाही. माडाखालून जाताना ते घालतात हे मी समजू शकतो, पण सत्यनारायणालाही? ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून जायचं तर आधी स्वतः मधोमध दोन उड्या मारणार, मग आम्हाला "या" म्हणणार. लग्नाआधी मला पाहायला आले, तेव्हा आमच्या झोपाळ्याच्या कड्या त्यांनी इतका वेळ ओढून पाहिल्या की माझी चौकशी राहूनच गेली. झोपाळा पसंत पडला म्हणून माझं लग्न झालं.

आमच्या मुलीचं उष्टावण ठरलं तेव्हा बायकोने माळ्यावरून एक छोटी खुर्ची काढली. फणसाच्या लाकडाची, दोन हातांची. मामांच्या वडिलांनी ती आपल्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी केली होती. त्यांनी पहिला घास तिच्यात बसून खाल्ला, पुढे माझ्या बायकोनेही. सासूबाई आता नाहीत. खुर्चीचा एक पाय वाळवीने खाल्लेला, एक हात मोडलेला. बायको रडायलाच लागली. मामा म्हणाले, "रडतेस काय गो बाय? तुझी पोर हिच्यातच बसून खीर खाईल. जबाबदारी माझी."

त्यांनी फणसाचाच नवा पाय घातला आणि नवा हात लाकडी खुंट्यांनी बसवला; खिळा नको, पोरीला लागेल. मग परीक्षा. आधी नारळांचं पोतं, त्यानंतर एकावर एक जांभ्याचे चिरे. खुर्ची हूं की चूं करेना. उष्टावणाच्या सकाळी पाहुणे जमले तरी मामांचं समाधान होईना. "चिरा गप बसतो रे, पोर चुळबुळ करते," असं म्हणून ते स्वतःच खुर्चीत शिरले आणि चुळबुळ करू लागले. खुर्ची पास झाली. मामा मात्र बाहेर निघेनात. ते उठले की खुर्चीही पाठोपाठ उठायची. खोबरेल ओतून झालं, दोघांनी धरून ओढून झालं. मी करवत आणली तर ओरडले, "खबरदार! कापायचं तर मला काप!"

मुहूर्त टळत आला. बायको रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, आता पोरीला बसवू कुठे?" शेवटी भटजीच वैतागले. "अहो, उष्टावण मामाच्या मांडीवरच करतात. हिला सख्खा मामा नाही, पण हे आईचे मामा आहेत. मांडी आहे, खाली खुर्चीही आहे. अडलंय कुठे?"

हेल्मेट घातलेल्या मामांच्या मांडीवर पोरगी बसली. वाटीला हात लावून खीर फार गरम नाही ना, हे त्यांनी तीनतीनदा पाहिलं आणि पहिला घास भरवला. तिने तो चाटला, हेल्मेटचा पट्टा ओढला, आणि मामा ढसाढसा रडले. पंगती उठल्यावर त्यांना एकदम आठवलं, की खुंट्या काढल्या की खुर्चीचा हात सुटतो. सकाळी कसं नाही आठवलं, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

पोरगी आता शाळेत जाते. मधल्या आजारपणात मामा फार वाळले. परवा तिने हट्ट धरला, "आजोबा, अडका ना!" मामा खुर्चीत बसले. दोन्ही बाजूंना माझा हात सहज जाईल एवढी जागा उरली. तरी त्यांनी खुर्ची घट्ट धरली आणि ओरडले, "अडकलो गो बाय, ओढ मला!" तिने एका हाताने ओढलं, ते उठले, ती टाळ्या पिटत सुटली. आम्हीही हसलो. या खेपेला खुर्ची त्यांच्या पाठोपाठ उठली नव्हती.